रुमालाखालचा गोल

उस्तादांनी मला फसवलं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मी आडून बोललो.

जळगाव विरुद्ध धुळे असा फायनलचा सामना चालू होता. एक-एक बरोबरी होती. चौदा मिनिटं बाकी होती. आणि आमच्या टीमचा कोच आपली लोखंडी घडीची खुर्ची मिटवून काखेत मारून मैदानातून चालता झाला. नुसता गेला असता तर मी चार दिवस शिव्या दिल्या असत्या आणि दुसरा कोच शोधला असता. पण जाताना हा माणूस एका प्रश्नाचं उत्तर सोबत घेऊन गेला. आमचा तो एकुलता एक गोल खरा होता की नव्हता, हे त्या अख्ख्या मैदानात फक्त त्यांनाच माहीत होतं. गोल मारणारा माझा मुलगा आहे. त्या दिवसापासून त्याने चेंडूला पाय लावलेला नाही.

गोल खरा-खोटा कसा असतो, ते कळायला आधी उस्ताद कोण ते कळलं पाहिजे.

उस्ताद धुळ्याचे. जातीचे आणि धंद्याचे पिंजारी. जुन्या बाजारातल्या एका बोळात त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. कापूस पिंजायची यंत्रं गावोगाव आली तरी त्यांनी ती मोठी कमान भिंतीवरून उतरवली नाही. गिऱ्हाईकाने जुनी गादी आणली की आतला कापूस ते कमानीच्या तातीवर, म्हणजे तिच्या ताणलेल्या दोरीवर, धरत, एक टोला देत, आणि डोळे मिटून ऐकत. "यामा दोन सालनी भेसळ शे," म्हणत. कापूस बघून नव्हे, तातीचा आवाज ऐकून. गिऱ्हाईक खजील होऊन कबूल करायचं की हो, मागच्या वर्षी सासरच्या उशा फोडून यात घातल्या होत्या.

हाच कान घेऊन ते चाळीस वर्षं फुटबॉलच्या मैदानावर बसत आले. आणि बसत कसे? मैदानाकडे पाठ करून.

पहिल्यांदा मी हे बघितलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा रुसलाय. खुर्ची साइडलाइनला मांडलेली, तोंड प्रेक्षकांकडे, हनुवटी छातीवर, डोळे अर्धे मिटलेले. मागे बावीस माणसं धावताहेत, आणि हे मधूनच मान न वळवता ओरडत: "ये फरदड! डावा पाय झोपना का तुना?" आणि खरंच कुणाचा तरी डावा पाय झोपलेला असे. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडाला येणारा हलका कापूस. त्यांच्याकडे खेळाडूंना नावं नव्हती. कापसाची प्रतवारी होती. आमचा गोलकीपर 'सरकी', बॅकला खेळणारा असोद्याचा पोरगा 'कवडी', म्हणजे पिवळा पडलेला कापूस, आणि माझा मुलगा 'फरदड'. एकदा मी चिडून विचारलं, "उस्ताद, माझ्याच पोराला हलका कापूस?" तर म्हणाले, "आते हलका शे. रडू नको शेठ, तू व्यापारी शे ना? माल पहिले उतरस, मंग चढस."

चाळीसगावला एका रेफरीने त्यांना मैदानाबाहेर काढलं होतं. कारण काय, तर खेळाचा अपमान. कोच मैदानाकडे पाठ करून बसतो म्हणजे काय! उस्ताद उठले, खुर्ची घेऊन कुंपणाच्या बाहेर गेले, आणि रसवंतीच्या शेजारी पुन्हा पाठ करूनच बसले. तिथून रेफरीला ओरडून सांगितलं, "साहेब, तुमनी शिट्टीमा थुकी अडकी गई. दोन फाऊल वाजनाच नही." रेफरीने शिट्टी झटकली. थेंब उडाले. सगळ्यांनी बघितलं.

"उस्ताद, बघत का नाही तुम्ही?" असं त्यांना प्रत्येक नवा माणूस विचारायचा. उत्तर ठरलेलं होतं. "बठ्ठा गाव देखस. मी एकलाच आयकस. डोळा लबाडना साथीदार शे." बठ्ठा म्हणजे सगळा.

आता माझ्याबद्दल थोडं. माझा जुन्या ट्रॅक्टरांचा व्यापार आहे, जळगावच्या बाहेर हायवेला यार्ड आहे. वडील बैलबाजारात दलाल होते. मी सातवीनंतर शाळा सोडली आणि त्यांच्या रुमालाखाली शिकलो. ज्यांनी बैलबाजार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघं हातात हात देतात, वर रुमाल टाकतात, आणि आत एकमेकांची बोटं धरून सौदा करतात. किती बोटं धरली, ती कुठे दाबली, यावर भाव ठरतो. हजार माणसं भोवती उभी असली तरी कळतं फक्त दोघांना. सौदा पटला की शेवटी अख्खा पंजा दाबायचा. पंजा दाबला की संपलं. त्यानंतर बैल रस्त्यात मेला तरी माणूस शब्द फिरवत नाही. वडिलांचा तो लाल चौकड्यांचा रुमाल माझ्या खांद्यावर आजही असतो. मी ट्रॅक्टर त्याच्याखाली विकतो. मुलीचं लग्नही, खरं सांगायचं तर, त्याच्याखालीच ठरवलं. व्याही सावद्याचे केळीवाले. त्यांनाही ती भाषा येत होती.

टीम मी काढली ती हौसेने नाही. मुलगा खेळायचा, यार्डातले दोन फिटर खेळायचे, असोद्याची चार-पाच पोरं यायची. जर्सीवर यार्डाचं नाव छापलं की गावोगाव फिरतं, एवढाच हिशेब होता. कोच हवा म्हणून धुळ्याला उस्तादांच्या दुकानात गेलो. समोर बसलो, हात पुढे केला, रुमाल टाकला. म्हटलं, बोला.

त्यांनी आत हात घातला. कापूस पिंजून पिंजून खरखरीत झालेला हात. मी वाट बघतोय, आता कोणतं बोट धरतील. त्यांनी एकही बोट धरलं नाही. माझं मनगट पकडलं आणि हात रुमालाबाहेर ओढून गादीवर ठेवला, जसा डॉक्टर नाडी बघायला ठेवतो. मग दुसराही ओढला.

"पैसा नको. मना पोट गाद्यासवर चालस. एकच अट शे," ते म्हणाले. "सामना चालू व्हई तवय तुना दोन्ही हात माले दिसाले पाहिजेत."

मी हसलो. म्हटलं, दिसतील की. तुम्ही तर बघतच नाही म्हणता.

ते हसले नाहीत. इथेच मी सावध व्हायला हवं होतं. फुकट मिळणाऱ्या वस्तूवर माझा कधी विश्वास नाही. विकत घेतलेली वस्तू ठोकून घेता येते, फुकटची कशी ठोकणार?

आठवड्यातून तीन दिवस ते धुळ्याहून एसटीने यायचे. मी गाडी पाठवतो म्हटलं तर नको. एसटीत ड्रायव्हरच्या मागे प्रवाशांकडे तोंड करून असलेलं एखादं बाकडं असतं ना, तेच त्यांना लागायचं. त्या बाकड्याची गाडी येईपर्यंत दोन-दोन गाड्या सोडायचे. खुर्ची मांडीवर. कंडक्टर म्हणायचा, "चाचा, खुर्ची घेऊन खुर्चीवर बसता?" ते म्हणायचे, "तू तिकीट फाड. तुना पंच डाव्या बाजूले बोथट व्हई गया." कंडक्टर पंच बघायचा. बोथटच असायचा.

सराव माझ्या यार्डात व्हायचा. पन्नासेक जुने ट्रॅक्टर आडवेतिडवे उभे असतात, त्यांच्यामधून पोरांनी चेंडू काढायचा. चेंडू लोखंडाला लागला की बाद. यामुळे आमची पोरं कुणाच्याही दोन पायांमधून चेंडू काढायला शिकली, हे मी नाकारत नाही. पण उस्तादांची बोटं स्वस्थ बसत नव्हती. एकदा शिरपूरकडचं एक गिऱ्हाईक ट्रॅक्टर बघत होतं. सौदा जवळजवळ झाला होता. रुमालाखाली माझ्या हातात त्याची तीन बोटं होती, चौथं येतच होतं. उस्ताद शेजारून जाता जाता मडगार्डवर टकटक करून म्हणाले, "हाऊ ट्रॅक्टर दोन जागे रडस. गिअरबॉक्स खोलेल शे."

गिऱ्हाईकाने तिन्ही बोटं काढून घेतली.

मी इतका ओरडलो की हायवेवर एक टँकर थांबला. "तुम्ही फुटबॉलचे कोच आहात की माझे वैरी? माझ्या यार्डात माझ्याच मालाला हात लावता?" उस्तादांनी शेजारच्या दुसऱ्या ट्रॅक्टरवर टकटक केली, कान लावला, आणि गिऱ्हाईकाला म्हणाले, "हाऊ ले. हाऊ गाणं म्हनस." त्याने तो घेतला, आणि माझ्या मनातल्या भावापेक्षा चढ्या भावाने घेतला. पुढे गावोगावची माणसं येऊन विचारायला लागली, "उस्तादांनी ठोकलाय का?" मी हो म्हणायचो. काही वेळा त्यांनी ठोकलेलाही असायचा.

तर असा हा कान. आता तो दिवस.

सामन्याच्या आदल्या दिवशी असोद्याच्या पोरांनी घोटाळा केला. उस्तादांचा दंडक होता की सामन्याच्या आधी भरीत बंद. असोद्याच्या माणसाला हिवाळ्यात भरीत बंद म्हणजे काय, ते जळगावकरांना सांगायला नको. शेतात काट्याकुट्यांवर वांगी भाजली, डाळिंबी रंगाचा जाळ, भरीत-पुरीची पंगत, आणि आमचे सात खेळाडू तिथे. दुसऱ्या दिवशी धुळ्याला मैदानावर पोचल्यावर उस्तादांनी एकेकाच्या पोटावर कान लावला. एकेकाच्या! प्रेक्षक टाळ्या वाजवताहेत. "कवडी, अठरा पुऱ्या." पोरगा म्हणाला, "सोळा, उस्ताद." "दोन आखो गयामाच शेत," उस्ताद म्हणाले, म्हणजे दोन अजून गळ्यातच आहेत.

पहिल्या हाफमध्ये आमची पोरं अशी धावली, जशी पाठीवर वांग्यांची पोती आहेत. धुळ्याने एक गोल मारला. मी प्रेक्षकांत पुढच्या ओळीत बसलो होतो. शेजारी आबा. आबा म्हणजे धुळ्याच्या टीमचे मालक, सरकी-ढेपेचे व्यापारी, आणि माझे जुने गिऱ्हाईक. मी त्यांना एक ट्रॅक्टर विकला होता, जो फक्त उन्हाळ्यात सुरू व्हायचा. तो राग त्यांच्या मनात होता आणि ते मला माहीत होतं.

मी मुलाकडे बघत होतो. आदल्या वर्षी चाळीसगावला त्याने पेनल्टी बाहेर मारली होती. चेंडू सरळ रसवंतीच्या टपात गेला. वर्षभर बाजारात लोक त्याला "एक ग्लास, कमी बर्फ" म्हणून हाक मारायचे. चोवीस वर्षांचा पोरगा, यार्डात इंजिनं उतरवतो, हातावर ग्रीस, आणि ती हाक आली की ट्रॅक्टरखाली जाऊन झोपल्यासारखा पडून राहायचा. मला ते पुन्हा नको होतं. एवढंच माझ्या डोक्यात होतं, बाकी काही नाही. हे मी शपथेवर सांगतो.

हाफटाइमला आबा म्हणाले, "काय भाऊ, तुमची गाडी आज पण थंडीत सुरू होत नाही वाटतं?"

मी म्हटलं, "आबा, सौदा करू."

"कशाचा?"

"एका गोलचा. शेवटच्या दहा मिनिटांत. बरोबरी झाली की कप सहा महिने तुमच्याकडे, सहा महिने आमच्याकडे, तसा नियमच आहे. तुमचंही नाक शाबूत, माझंही."

आबांनी माझ्या खांद्यावरचा रुमाल बघितला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असं मला वाटलं. त्यांच्याशी या भाषेत कुणी बोलल्याला किती वर्षं झाली असतील! त्यांनी हात पुढे केला. मी रुमाल टाकला. आत त्यांनी माझं करंगळीशेजारचं बोट धरलं आणि कानात म्हणाले, "गोल देतो. पुढच्या हंगामाला म्हातारा मला दे."

"कोण म्हातारा?"

"तुझा कानवाला. धुळ्याचा माणूस, जळगावला राबतो. लाज वाटते आम्हाला."

आता विचार करा. उस्ताद माझ्याकडे पगारावर नव्हते. त्यांच्यावर माझा काही खर्च नव्हता. माझ्या खिशातून काही जात नव्हतं आणि मुलाला गोल मिळत होता. एवढा स्वस्त सौदा मी आयुष्यात केलेला नाही. मी अख्खा पंजा दाबला.

आणि मान वर केली, तर समोर वीस हातांवर उस्ताद. मैदानाकडे पाठ, प्रेक्षकांकडे तोंड. डोळे पूर्ण उघडे. माझ्या रुमालाकडे बघत.

तीन वर्षं मी त्या माणसाला आमच्याकडे तोंड करून बसलेला बघत होतो, आणि तो काय बघत असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सगळा गाव सामना बघत होता. उस्ताद गाव बघत होते.

मी हात बाहेर काढले. दोन्ही. उशीर झाला होता, पण काढले. ते काही बोलले नाहीत. हाफटाइमचा चहा घेतला नाही. पोरांना जवळ बोलावलं, आणि माझ्या मुलाला फक्त एक वाक्य सांगितलं, ते मुलाने मला नंतर सांगितलं: "त्यासना गोलकीपर डाव्या बाजूले उशिरा पडस. मी आयकेल शे."

दुसरा हाफ सुरू झाला. भरीत जरा खाली उतरलं असावं, आमची पोरं धावायला लागली. पस्तीस मिनिटांचा हाफ, त्यातल्या एकविसाव्या मिनिटाला माझ्या मुलाने दोघांना चकवलं, दोन ट्रॅक्टरमधून काढावा तसा चेंडू काढला, आणि गोलकीपरच्या डाव्या बाजूला मारला. गोलकीपर पडला. उशिरा पडला. गोल!

मी उभा राहून नाचलो. आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आणि उस्ताद उठले.

खुर्ची मिटवली. काखेत मारली. सरळ माझ्याकडे आले. माझ्या खांद्यावरचा वडिलांचा रुमाल ओढून घेतला, चार घड्या घातल्या, माझ्या मांडीवर ठेवला. माझे दोन्ही हात धरून त्या रुमालावर उपडे ठेवले. आणि गेले. गेटमधून, बसस्टँडच्या अंगाने, आपल्या बोळाकडे. मागे पोरं ओरडताहेत, "उस्ताद! उस्ताद!" मागे न बघण्याची तर त्यांना सवयच होती.

सामना एक-एक सुटला. पोरांनी मुलाला खांद्यावर घेतलं. तेवढ्यात आबा मैदानात घुसले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "भाऊ, गोल तर दिला, आता म्हातारा केव्हा पाठवतोस?"

मुलगा खांद्यावरून खाली उतरला. हळूच, पाय टेकवून, जसा कुणी नको त्या घरातून उठतो.

"पप्पा, कोणता गोल दिला?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "तुझा नाही."

"मग कुणाचा?"

आम्ही एकच मारला होता.

तेव्हापासून मी शोध घेतोय. मी काही मूर्ख नाही, साक्षीपुरावे मलाही कळतात. सौदा शेवटच्या दहा मिनिटांचा होता. गोल झाला चौदा मिनिटं बाकी असताना. म्हणजे चार मिनिटं आधी. व्यापारात माल उशिरा येतो, आधी आलेला मी जन्मात बघितलेला नाही. म्हणजे गोल खरा. हे मी आबांना सुनावलं. ते म्हणाले, "माझ्या माणसाने घाई केली." आबांना म्हातारा हवाय, ते खरं कशाला बोलतील?

गोलकीपरला गाठलं. तो म्हणाला, "मला आबांनी इशारा केला होता, म्हणून सोडला." पण तो तरी काय बोलणार? इशारा नव्हता म्हटलं तर माझ्या पोराने त्याला उघडउघड हरवलं असं होतं. सोडला म्हटलं की त्याची इज्जत राहते. मी विचारलं, "बरं, शपथ घे." त्याने लगेच घेतली. इतक्या लगेच घेतलेली शपथ मी यार्डात रोज ऐकतो. स्वतःही घेतो.

मोबाइलवर कुणीतरी शूटिंग केलं होतं. आम्ही ते किती वेळा बघितलं, देव जाणे. मुलगा चेंडू मारतो, आणि शूटिंग करणारा आनंदाने उडी मारतो. नेमक्या त्या वेळी पडद्यावर आभाळ, एक घार, आणि माझ्या यार्डाच्या जाहिरातीचा फलक. खाली येईपर्यंत गोलकीपर जमिनीवर पडलेला. फलक मात्र छान आलाय.

उरले उस्ताद. त्यांना कुणाकडून काही घ्यायचं नाही. त्यांनी तो गोल ऐकलाय. पडलेला माणूस आणि पाडून घेतलेला माणूस यांचा आवाज वेगळा असणारच, आणि तो फक्त त्यांना कळणार.

मी गेलो धुळ्याला. दुकानात ते कमान घेऊन बसले होते. माझ्याआधी आबाही त्यांना न्यायला जाऊन आले होते. आबांना त्यांनी गादीवर आडवं करून पाठीवर टकटक केली आणि सांगितलं, "तुमना कणा दोन जागे खोलेल शे, जाड गादी लागी." आबा गादी घेऊन घरी आले, म्हातारा न घेता. त्याबद्दल मला उस्तादांचं कौतुक आहे, पण ते वेगळं.

मी आत गेलो आणि न सांगता दोन्ही हात पुढे केले. उपडे, उताणे, सगळे. "बघा. रुमाल घरी ठेवून आलोय. आता सांगा. गोल खरा होता का?"

ताण्ण. तातीवर टोला. कापूस उडाला.

"उस्ताद, पोरगा जेवत नाही नीट. ट्रॅक्टरखाली पडून असतो. लोक आता 'एक ग्लास' म्हणत नाहीत, पण तेच बरं होतं असं म्हणायची पाळी आली. एक शब्द सांगा. खरा."

ताण्ण.

"बरं, पूर्ण खरा नसेल. अर्धा? तो उशिरा पडला हे तुमच्याच तोंडचं. म्हणजे अर्धा तर पोराने कमावला. अर्धा खरा म्हणा, मी तेवढ्यावर जातो."

त्यांनी कमान थांबवली. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले, जितका वेळ त्यांनी कधी एखादा सामनाही बघितला नसेल. मग म्हणाले, "गोलना बी भाव पाडस?"

"मग पाऊण करा!"

"जाय तू घर. पोऱ्याले धाड. त्याले सांगसू."

मी घरी येऊन मुलाला सांगितलं. म्हटलं, जा, तुला सांगतो म्हणाले. तो इंजिनाखालून म्हणाला, "तुम्ही ज्यांना विकलं, त्यांच्यासमोर मी कोणत्या तोंडाने जाऊ?" मी म्हटलं, अरे, विकलं म्हणजे, सौदा पूर्ण कुठे झालाय! त्याने पाना मागितला. मी दिला.

तर अशी स्थिती आहे. मुलगा जात नाही, उस्ताद येत नाहीत, आणि कप सध्या आमच्याकडे, माझ्या टेबलावर, पावत्या उडू नयेत म्हणून ठेवलाय. जुलैत आबांकडे जाईल. टीमची पोरं रविवारी येतात, ट्रॅक्टरांमधून चेंडू फिरवतात, आणि साइडलाइनची जागा मोकळी ठेवतात. तिथे कुणी गाडीही लावत नाही. मी एकदा लावली होती. सरकीने, आमच्या गोलकीपरने, किल्ली मागून घेतली आणि गाडी बाजूला नेली. माझ्याच यार्डात.

लोक म्हणतात, चूक तुझी आहे. मी काही धुतल्या तांदळासारखा नाही, हात माझे लपलेले होते, हे मी इथे लिहून देतो, याच्याहून जास्त काय करू? अट एकच होती आणि ती मी मोडली. पण उस्ताद, तुम्ही मला हाफटाइमला बघितलं होतं. गोल झाला त्याच्या आधी एकवीस मिनिटं. माझ्या मांडीवर रुमाल घडी करून ठेवायला तुम्हाला जेवढा वेळ लागला, तेवढाच तेव्हाही लागला असता. तुम्ही उठला असता, माझा हात त्या रुमालातून ओढून बाहेर काढला असता, जसा पहिल्या दिवशी काढला होता, तर मी चार शिव्या देऊन सौदा मोडला असता. पोरगा खेळला असता. गोल झाला असता किंवा नसता झाला, पण जो झाला असता तो त्याचा असता.

तुम्ही बसून राहिलात. ऐकायला. भेसळ आहे की नाही, ते टोला पडल्यावर कळतं म्हणून टोला पडायची वाट बघत बसलात. तो कापूस नव्हता, उस्ताद. माझं पोरगं होतं.

गोल खरा की खोटा ते नका सांगू, राहू द्या. माझा सवाल दुसराच आहे, आणि याला अर्धं-पाऊण काही चालणार नाही. माझे हात लपलेले तुम्हाला दिसत होते, तर एकवीस मिनिटं तुमचं तोंड का मिटलेलं होतं? खुर्ची घेऊन या, हवी तिकडे तोंड करून बसा, आणि याचं उत्तर द्या.